गैरहजेरीत खारीज झालेला दिवाणी दावा पुन्हा मूळ नंबरावर कसा घ्यावा

दाव्याचा पुकारा होतो, वादी किंवा त्याचे वकील कोणीच हजर नसते, आणि न्यायालय रोजनाम्यात (प्रकरणाच्या कामकाजाच्या तारीखवार नोंदीत) दोन ओळी लिहून दावा खारीज करते. यात वादीचा हक्क खोटा ठरलेला नसतो, कारण त्याच्या म्हणण्याची तपासणी झालेलीच नसते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9 (येथे "आदेश" म्हणजे संहितेतील नियमांचा एक गट) नुसार असा दावा पुन्हा मूळ नंबरावर घेता येतो, यालाच दाव्याची पुनःस्थापना म्हणतात. तरीही दरवर्षी अनेक चांगले दावे कायमचे बुडतात, कारण अर्ज चुकीच्या तरतुदीखाली केला जातो, तीस दिवसांची मुदत चुकीची मोजली जाते, किंवा अर्जात दाव्याची सगळी कहाणी येते आणि त्या एका दिवशी वादी का आला नाही हे मात्र सांगायचे राहून जाते. पुढील टप्पे महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत प्रत्यक्ष ज्या क्रमाने काम चालते त्या क्रमाने दिले आहेत. मसुदा आणि युक्तिवाद वकिलांनीच करावा, परंतु कागद गोळा करणे आणि तारखा सांभाळणे हे पक्षकाराचे काम आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

टप्पा 1 : आदेश वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका

"दावा उडाला" एवढे कळल्यावर पहिले काम म्हणजे दाव्याचा रोजनामा आणि खारीज करण्याचा आदेश स्वतः वाचणे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते, आणि अनेकदा आदेशही वाचता येतो. मात्र संकेतस्थळावरील नोंद त्रोटक असते, म्हणून नक्कल विभागात रोजनामा आणि आदेश या दोहोंच्या सही-शिक्क्याच्या नकलांसाठी त्याच दिवशी अर्ज द्यावा.

आदेशात पुढील गोष्ट शोधायची आहे: त्या दिवशी नेमके कोण हजर होते? उत्तरावर पुढचा सगळा मार्ग अवलंबून आहे.

दोन्ही बाजूंचे कोणीच हजर नसेल, तर दावा आदेश 9 नियम 3 खाली खारीज होतो. समन्ससाठीचा भत्ता न भरल्यामुळे समन्स बजावले गेले नाही आणि त्या कारणाने दावा खारीज झाला, तर तो नियम 2 खाली येतो. या दोन्ही प्रकारांत नियम 4 लागू होतो आणि वादीपुढे दोन वाटा राहतात: मूळ मुदत शिल्लक असल्यास नवा दावा दाखल करणे, किंवा खारीज केल्याचा आदेश रद्द करून घेणे.

प्रतिवादी किंवा त्याचे वकील हजर होते आणि फक्त वादी गैरहजर होता, तर दावा नियम 8 खाली खारीज होतो आणि नियम 9 लागू होतो. त्याच कारणावर नवा दावा दाखल करण्यास नियम 9 थेट मनाई करतो, म्हणून येथे पुनःस्थापनेचा अर्ज हीच वाट उरते. प्रतिवादीने मागणीचा काही भाग कबूल केला असेल, तर तेवढ्या भागाचा हुकूमनामा (डिक्री) होतो आणि उरलेला दावा खारीज होतो, हेही आदेशात पाहावे.

समन्स न बजावता परत आले आणि वादीने सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, म्हणून नियम 5 खाली दावा खारीज झाला असेल, तर संहितेत नवा दावा दाखल करण्याची मुभा दिलेली आहे. नियम 4 चा मार्ग मात्र या प्रकाराला शब्दशः लागू होत नाही. अशा प्रकरणात संहितेच्या कलम 151 (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) खालील अर्जाबाबत वकिलांशी स्वतंत्रपणे बोलावे.

सावधान. पुरावा बऱ्याच अंशी नोंदवून झाल्यावर एखादा पक्ष गैरहजर राहिला, तर आदेश 17 नियम 2 च्या स्पष्टीकरणानुसार तो पक्ष हजर आहे असे धरून न्यायालय पुढे जाऊ शकते आणि गुणदोषांवर निकाल देऊ शकते. असा निकाल गैरहजेरीत खारीज झालेल्या दाव्यात मोडत नाही, त्यावर अपील करावे लागते. उलट, निव्वळ गैरहजेरीमुळे खारीज झालेल्या आदेशावर अपील होत नाही, कारण कलम 2(2) नुसार असा आदेश हुकूमनाम्याच्या व्याख्येतून वगळलेला आहे. मुद्दे, पुराव्याची छाननी आणि निष्कर्ष आदेशात आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय अर्जाची एक ओळही लिहू नये. चुकीच्या मार्गावर गेलेल्या महिन्यांचा हिशेब नंतर विलंब माफीच्या अर्जात द्यावा लागतो.

याच वेळी आणखी एक बाब तपासावी. प्रतिवादीने प्रतिदावा (त्याच प्रकरणात वादीविरुद्धची स्वतःची मागणी) दाखल केला असेल, तर वादीचा दावा खारीज झाला तरी आदेश 8 नियम 6-ड प्रमाणे प्रतिदावा पुढे चालू राहू शकतो. वादी आपला दावा परत आणण्याच्या खटपटीत असताना तिकडे प्रतिदाव्यात त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होणे हे फार मोठे नुकसान आहे. प्रतिदाव्याची पुढील तारीख लगेच विचारून घ्यावी.

टप्पा 2 : तीस दिवस मोजा, आणि लिहून मोजा

मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 122 प्रमाणे पुनःस्थापनेच्या अर्जाची मुदत 30 दिवस आहे आणि ती खारीज झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. वादीला ते कधी कळले याला येथे महत्त्व नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागणाऱ्या प्रतिवादीला, समन्स योग्य रीतीने बजावले नसेल तर, कळल्याच्या तारखेपासून मुदत मिळते. तो नियम अनुच्छेद 123 मधला आहे आणि वादीने तो आपल्याला लावून घेऊ नये. हा गोंधळ मी वकिलांच्या मसुद्यांतही पाहिला आहे.

मोजताना खारीज झाल्याचा दिवस वगळायचा. दावा 3 मार्च 2025 रोजी खारीज झाला असेल, तर 4 मार्च हा पहिला दिवस आणि 2 एप्रिल 2025 हा तिसावा, म्हणजे शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर कलम 4 नुसार न्यायालय उघडेल त्या पहिल्याच दिवशी अर्ज दाखल करता येतो. उदाहरणार्थ, 15 एप्रिल 2025 रोजी खारीज झालेल्या दाव्याची मुदत 15 मे रोजी संपते. त्या दिवशी उन्हाळी सुटी चालू असेल, तर न्यायालय उघडण्याच्या दिवसाची सवलत मिळते, त्याच्या दुसऱ्या दिवसाची मिळत नाही. सुटी लागण्यापूर्वीच तिसावा दिवस उलटून गेला असेल, तर सुटीचा काहीही उपयोग नाही.

सावधान. "नक्कल मिळायला वीस दिवस लागले, ते वजा होतील" हा समज चुकीचा आहे. नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळण्याची कलम 12 मधील सवलत अपील, पुनरीक्षण, पुनर्विलोकन अशा ठरावीक कामांसाठी आहे आणि पुनःस्थापनेचा अर्ज त्या यादीत नाही. म्हणून नक्कल हाती नसली तरी अर्ज दाखल करावा. नक्कल अर्जाची पावती जोडून, नक्कल मिळताच हजर करू, असे अर्जातच नमूद करावे.

तपासणी. पुढे जाण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर तीन तारखा लिहा: खारीज झाल्याची तारीख, तिसावा दिवस, आणि आपल्याला कळल्याची तारीख. ही तिसरी तारीख मुदत वाढवत नाही, परंतु विलंब झाला असेल तर पुढे लागते.

टप्पा 3 : त्या एका दिवसाचा पुरावा गोळा करा

नियम 9 चे शब्द नीट पाहिले तर न्यायालय एकच प्रश्न विचारते: दावा सुनावणीसाठी पुकारला गेला तेव्हा गैरहजर राहण्यास पुरेसे कारण होते का? दावा किती जुना आहे, जमीन किती पिढ्यांची आहे, प्रतिवादी कसा दांडगाई करतो, या गोष्टी त्या प्रश्नाचे उत्तर नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जी. पी. श्रीवास्तव विरुद्ध आर. के. रायजादा या 2000 सालच्या निकालात म्हटले आहे की, "पुरेसे कारण" पाहताना गैरहजेरीची जी तारीख आदेशाचा आधार झाली तीच पाहावी, त्याआधीच्या जुन्या कसुरी उकरून काढू नयेत. हा निकाल एकतर्फी हुकूमनाम्याबाबतचा असला तरी त्यातील तत्त्व येथेही उपयोगी पडते. प्रतिवादीचे वकील आधीच्या पाच तारखांची यादी वाचतात, तेव्हा हे उत्तर जवळ असावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे होता आणि तारखेच्या दिवशी तो आजारी होता. त्याच्या अर्जात "वादी आजारी असल्याने हजर राहू शकला नाही" एवढेच वाक्य असेल, तर त्यात तपासण्यासारखे काहीच नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो: "तारखेच्या आदल्या दिवशी सायंकाळी वादीस ताप व उलट्यांचा त्रास सुरू झाल्याने त्यास ग्रामीण रुग्णालयात दाखल करण्यात आले, तारखेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यास घरी सोडले, वादीसोबत पत्नी व मुलगा दोघेही रुग्णालयात होते, आणि मुलाने सकाळी वकिलांना दूरध्वनी केला असता ते दुसऱ्या न्यायालयात उलटतपासणीत गुंतलेले असल्याने संपर्क झाला नाही." येथे प्रत्येक विधानाला कागद आहे: दाखल व डिस्चार्जची कागदपत्रे, औषधांची बिले, मोबाइलवरील कॉलची नोंद. तसेच "वकील तरी का आले नाहीत" हा प्रश्न न्यायालयाने विचारण्यापूर्वीच त्याला उत्तर मिळालेले आहे. तो प्रश्न हमखास येतो, आणि वादीच्या आजारपणाचे उत्तम कागद असूनही अर्ज तिथेच अडतो.

चूक वकिलांची असेल, म्हणजे डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली किंवा पुकारा झाला तेव्हा ते दुसऱ्या न्यायालयात होते, तर ते स्पष्ट लिहावे आणि त्या वकिलांचे स्वतःचे शपथपत्र जोडावे. डायरीच्या पानाची झेरॉक्स किंवा दुसऱ्या न्यायालयाच्या त्याच दिवसाच्या रोजनाम्याची नक्कल हा यातील सर्वांत भक्कम पुरावा असतो. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, वकील नेमून निर्धास्त राहिलेल्या निर्दोष पक्षकाराला वकिलाच्या चुकीची शिक्षा होऊ नये. ज्या वकिलांनी शपथपत्र केले त्यांनीच त्या अर्जावर युक्तिवाद करणे टाळावे, कारण तथ्यांपुरते ते साक्षीदार झालेले असतात.

वकिलांच्या काम बंद आंदोलनामुळे गैरहजेरी झाली असेल, तर तेवढ्याच कारणावर विसंबू नये. रेमन सर्व्हिसेस विरुद्ध सुभाष कपूर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांचा संप हे गैरहजेरीचे समर्थन मानण्यास नकार दिला आणि पक्षकारावर बसलेला खर्च वकिलाकडून वसूल करण्याचा मार्गही दाखवला. पक्षकार स्वतः का उभा राहिला नाही हे येथे सांगावेच लागते.

सावधान. नंतर तयार करून घेतलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडू नका. खोट्या कारणाने अर्ज तर बुडतोच, शिवाय शपथेवर खोटे बोलल्याचा गुन्हा ओढवतो. कारण लहान पण खरे असेल, उदाहरणार्थ एसटी बंद पडून न्यायालयात पोहोचेपर्यंत बारा वाजले, तर तसेच लिहावे आणि तिकीट जोडावे. त्याच दिवशी पोहोचून लगेच अर्ज दिला असेल, तर न्यायालये असे कारण सहसा सहानुभूतीने पाहतात. म्हणूनच उशिरा पोहोचून दावा उडाल्याचे कळले, तर घरी न परतता त्याच दिवशी अर्ज द्यावा, असे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो.

टप्पा 4 : अर्जाचा मसुदा

अर्ज ज्या न्यायालयाने दावा खारीज केला त्याच न्यायालयात द्यायचा असतो आणि तो किरकोळ दिवाणी अर्ज म्हणून स्वतंत्र क्रमांकाने नोंदवला जातो. शीर्षकात न्यायालयाचे नाव, मूळ दाव्याचा क्रमांक व वर्ष, आणि सर्व पक्षकारांची नावे मूळ दाव्याप्रमाणेच असावीत. एखाद्या प्रतिवादीचे नाव "तो कधी आलाच नव्हता" म्हणून गाळू नये.

मजकुरात दावा कशाचा होता हे दोन-तीन ओळींत आटोपावे. त्यानंतर दावा कोणत्या टप्प्यावर होता, कोणत्या तारखेस खारीज झाला आणि त्या दिवशी कोण हजर होते हे लिहावे. गैरहजेरीच्या कारणाला पाहिजे तेवढी जागा द्यावी, तारीख आणि वेळ यांच्या क्रमाने. कळल्याची तारीख आणि त्यानंतर काय केले हेही यावे. शेवटी विनंती नेमकी असावी: अमुक तारखेचा खारीज आदेश रद्द करावा, दावा मूळ नंबरावर घेऊन ज्या टप्प्यावर होता तेथून पुढे चालवावा, आणि पूर्वी अंतरिम मनाई हुकूम होता तो पुन्हा लागू असल्याचे स्पष्ट नमूद करावे.

या शेवटच्या विनंतीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. दावा पुनःस्थापित झाल्यावर पूर्वीचे अंतरिम आदेश सर्वसाधारणपणे पुन्हा जिवंत होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने वरीद जेकब विरुद्ध सोसम्मा गीवर्गीस या 2004 च्या निकालात बहुमताने म्हटले आहे, परंतु न्यायालय वेगळा आदेश देऊ शकते. निकालापूर्वीच्या जप्तीबाबत तर आदेश 38 नियम 11-अ उलट सांगतो: दावा परत आला म्हणून जप्ती आपोआप परत येत नाही, तिच्यासाठी नव्याने अर्ज लागतो. मिळकत विकली जाण्याची किंवा बांधकाम सुरू होण्याची भीती असेल, तर पुनःस्थापनेच्या अर्जासोबतच परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा अर्जही द्यावा. जमिनीच्या दाव्यात खारीज झाल्यानंतरचे फेरफार, ताजा सातबारा आणि नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक 2 पाहून घ्यावी.

तपासणी. दाखल करण्यापूर्वी हातात हे असावे: वादीचे शपथपत्र, अर्जावर लावायचा कोर्ट फी स्टॅम्प, नवे वकीलपत्र (वकील बदलले असतील तर आधीच्या वकिलांची ना हरकत), कारणाचे कागद यादीसह, आदेशाची नक्कल किंवा नक्कल अर्जाची पावती, आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी एक प्रत. अर्ज आणि शपथपत्र शेजारी ठेवून सर्व तारखा जुळवाव्यात. अर्जात 9 तारीख आणि शपथपत्रात 10 असेल, तर प्रतिवादीला आणखी काही लागत नाही. एखादा प्रतिवादी मयत झाला असेल, तर मयताच्या नावाने अर्ज करू नये, वारसांची माहिती काढून वकिलांशी बोलावे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. मात्र तिथे जाण्यातही तीस दिवसांपैकीच दिवस खर्च होतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात जावे.

टप्पा 5 : मुदत उलटली असेल तर

एकतिसाव्या दिवशी दिलेला अर्जही विलंब माफीच्या अर्जाशिवाय टिकत नाही. मुदत अधिनियमाच्या कलम 5 खाली वेगळा अर्ज आणि वेगळे शपथपत्र द्यावे आणि त्यात विलंबाचे दिवस आकड्यात लिहावेत, "थोडासा विलंब" असे लिहू नये. सर्वसाधारणपणे आधी विलंबाचा अर्ज चालतो, तो मंजूर झाल्यावर मुख्य अर्ज हाती घेतला जातो.

येथे दोन कारणे निरनिराळी आहेत हे समजून घ्यावे. त्या दिवशी का आलो नाही, हे एक कारण. तीस दिवसांत अर्ज का केला नाही, हे दुसरे. पहिलेच कारण दोन्ही अर्जांत उतरवले, तर विलंबाचा काळ कोरा राहतो. शिवाय दुसरे कारण मुदत संपण्याच्या आत सुरू झालेले असावे लागते. मुदत संपून गेल्यावर आलेल्या अडचणीने आधीचे स्वस्थ बसणे झाकले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अजितसिंग ठाकूरसिंग विरुद्ध गुजरात राज्य या 1981 च्या निकालात स्पष्ट केले आहे. 1987 च्या कातिजी प्रकरणापासून न्यायालये विलंबाकडे उदार नजरेने पाहतात हे खरे असले, तरी ती उदारता प्रामाणिक आणि तपशीलवार खुलाशालाच मिळते.

गैरहजेरीत खारीज झालेल्या दरखास्तीला, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या प्रकरणाला, हा दरवाजा बंद आहे. आदेश 21 खालील अर्जांना कलम 5 लागू होत नाही, म्हणून तेथे तीस दिवस अक्षरशः पाळावेत.

टप्पा 6 : नोटीस, म्हणणे आणि सुनावणी

नियम 9 खालील अर्जात समोरच्या पक्षाला नोटीस दिल्याशिवाय आदेश करता येत नाही. नियम 4 मध्ये तशी सक्ती लिहिलेली नसली, तरी न्यायालये सहसा नोटीस काढतात. नोटिशीचा भत्ता आणि योग्य पत्ते लगेच भरावेत. भत्ता न भरल्यामुळे पुनःस्थापनेचाच अर्ज निकाली निघाल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर न्यायालयाला समजावणे फार जड जाते.

प्रतिवादी म्हणणे देतो. तो ना हरकतीची पुरसीस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) देण्यास तयार असेल, तर काम लवकर होते, म्हणून एकदा विचारून पाहण्यात कमीपणा मानू नये. विरोध असेल, तर न्यायालय शपथपत्रांवर किंवा गरज वाटल्यास वादीची साक्ष नोंदवून निर्णय देते. साक्षीच्या तयारीसाठी आपले शपथपत्र पुन्हा वाचावे आणि त्यात नसलेली नवी कारणे साक्षीत आणू नयेत.

या अर्जाच्या प्रत्येक तारखेला वादीने स्वतः हजर राहावे, वकील असले तरी. गैरहजेरीबद्दल क्षमा मागणारा माणूस त्याच अर्जात गैरहजर राहिला, तर कोणतेही कारण हलके पडते. तरीही हा अर्ज गैरहजेरीत निघालाच, तर संहितेच्या कलम 141 च्या स्पष्टीकरणामुळे आदेश 9 ची कार्यपद्धती त्यालाही लागू होते आणि त्या अर्जाच्या पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो.

टप्पा 7 : आदेशानंतर

अर्ज मंजूर होताना न्यायालय बहुधा प्रतिवादीला खर्चाची रक्कम देण्याची अट घालते. रक्कम किती, कोणाला द्यायची, न्यायालयात भरायची की प्रतिवादीच्या वकिलांना देऊन पावती घ्यायची, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आदेशातून शब्दशः उतरवून घ्यावे. "खर्च भरण्याच्या अटीवर" असे शब्द असतील आणि मुदतीत रक्कम भरली नाही, तर मिळालेला आदेश निरुपयोगी होतो. मुदत पुरणार नसेल, तर ती संपण्याआधी वाढवून मागावी. पैसे भरल्याची पावती निशाणीसह (कागदाला दिलेल्या क्रमांकासह) प्रकरणात दाखल करावी.

त्यानंतर मूळ दाव्याचा क्रमांक ई-कोर्ट्सवर पुन्हा प्रलंबित दिसतो का, पुढील तारीख कोणती आणि दावा कोणत्या टप्प्यावर ठेवला आहे हे पाहावे. दावा मूळ नंबरावर आला की त्याची दाखल तारीखही मूळचीच राहते. हाच पुनःस्थापनेचा सर्वांत मोठा लाभ आहे, कारण नव्या दाव्याला नवी कोर्ट फी लागते, आणि त्याची मुदत मूळ कारणापासून मोजली जात असल्याने तो बहुतेकदा मुदतबाह्य ठरतो.

अर्ज नामंजूर झाला, तर नियम 9 खालील नामंजुरीवर आदेश 43 नियम 1(क) प्रमाणे अपील करता येते. दिवाणी न्यायाधीशांच्या आदेशावर जिल्हा न्यायालयात जायचे असल्यास त्याची मुदत 30 दिवस आहे, आणि येथे मात्र नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळला जातो. नियम 4 खालील नामंजुरीवर असे अपील नाही. तेथे उच्च न्यायालयात पुनरीक्षण किंवा संविधानाच्या अनुच्छेद 227 खालील याचिका यांचा विचार करावा लागतो, किंवा मुदत शिल्लक असल्यास नव्या दाव्याचा. म्हणून नामंजुरीच्या आदेशाची नक्कल मागतानाच, पहिल्या टप्प्यात आदेशात कोण हजर होते म्हणून लिहिले होते, ते पान पुन्हा उघडून पाहावे.